भिंतीवरची भाकरी

तेरच्या गोरोबाकाकांची एक आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी काकांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के, हे याने कळते, असे काकांनी उत्तर दिले. आणि मग तेच थापटणे एकेका संताच्या मस्तकावर वाजवून पाहिले. ज्यांनी कुरकूर केली ते नामदेव कच्चे ठरले. या कथेतील अध्यात्म हरिदासांकडे सोपवू. टीकाकाराने तिच्यातून घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. मडके पारखताना कुंभार त्याचा रंग पाहत नाही, त्यावरची नक्षी पाहत नाही, ते कोणत्या हेतूने घडविले हेही विचारीत नाही. तो ते वाजवून पाहतो आणि नाद ऐकतो.

तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर नगर. ग्रीक नाविकाच्या जुन्या प्रवासवृत्तात पैठणच्या जोडीने त्याचा उल्लेख आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज शासनाकडे आहे. साच्यात दाबून घडविलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती तेथे पाहावयास मिळतात. त्या घडविणारांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. परंतु भाजणी पक्की होती, म्हणून सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या आपल्याशी बोलतात. त्यांच्यापुढे उभे असता प्रस्तुत लेखकास एका दूरदेशच्या चित्रकाराची आठवण झाली. मेक्सिकोचा दिएगो रिव्हेरा (१८८६–१९५७) आपल्या मिळकतीचा मोठा भाग अशाच मातीच्या प्राचीन मूर्ती जमविण्यात खर्च करीत असे. त्याच्या हजारो मूर्तींसाठी ज्वालामुखीच्या काळ्या दगडात त्याने स्वतःच योजिलेले मंदिरवजा संग्रहालय त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, लोकांस खुले झाले. आठवणीचे दुसरे कारण याहूनही जवळचे आहे. त्याच्या एका भित्तिचित्रात वर्ध्याचा एक मराठी माणूस भाकरी मोडीत बसला आहे, असे सांगतात.

‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’, या प्रश्नावर आपल्याकडे फडके आणि खांडेकर या दोन नावांभोवती पुष्कळ शाई खर्च झाली. तो वाद बहुतेक कादंबरीपुरताच राहिला. भिंतीला कोणी विचारले नाही. शिवाय तो हेतूचा वाद होता, आणि हेतूवरून कलाकृतीची भाजणी कळत नाही. रिव्हेराने आपला हेतू कधीच लपविला नाही. तो उघड उघड राजकीय चित्रकार होता. म्हणूनच त्याच्या चित्रांवर गोरोबाकाकांचे थापटणे चालवून पाहणे बोधप्रद आहे.

त्याचा जन्म ग्वानाह्वातो या खाणींच्या गावी झाला. राजधानीच्या कलाशाळेत शिकून १९०७ साली तो युरोपात गेला, पॅरिसमध्ये घनवादी चित्रकारांत वावरला आणि त्यांच्यात नावही मिळविले. इकडे १९१० पासून त्याचा देश क्रांतीच्या वणव्यात होरपळत होता. या रणधुमाळीच्या काळात तो बहुतेक परदेशीच होता, ही गोष्ट त्याच्या भक्तांनी विसरू नये. १९२० साली इटलीत त्याने जुन्या देवालयांतील भित्तिचित्रे पाहिली. अक्षरशत्रू भाविकास आपले पुराण भिंतीवर वाचता येते, हे तेथे त्याला उमगले. १९२१ साली तो परतला. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस याने सार्वजनिक इमारतींच्या भिंती तरुण चित्रकारांपुढे खुल्या केल्या. ओरोस्को, सिकेरोस आणि रिव्हेरा ही त्रयी त्यातूनच पुढे आली. १९२३ ते १९२८ या काळात शिक्षणखात्याच्या इमारतीतील दोन चौकांभोवतीच्या तीन मजल्यांवर रिव्हेराने शंभराहून अधिक चित्रे काढिली.

या चित्रांची करणी समजून घेतल्यावाचून त्यांचा स्वभाव कळावयाचा नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कोरड्या गिलाव्यावर रंग दिले. रिव्हेराने इटालियन रीतीने ओल्या चुन्यावर दिले. पहाटे गवंड्याने एका दिवसाच्या कामापुरताच गिलावा लावावयाचा, आणि तो सुकण्यापूर्वी चित्रकाराने आपले काम उरकावयाचे. चुना सुकताना रंग पोटात घेतो. मग चित्र भिंतीवर राहत नाही, भिंतच होऊन जाते. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा आरंभ करावयाचा. प्रारंभी त्याने देशी युक्ती म्हणून रंगांत निवडुंगाचा रस मिसळून पाहिला, पण भिंतीवर डाग उमटू लागले तेव्हा तो नाद सोडला. अशा कामात चित्रकार हा गवंड्याचा सोबती होतो आणि मजुरासारखा मचाणावर दिवस काढतो. ज्या श्रमाचे चित्र काढावयाचे, त्याचा थोडा वाटा त्याच्या अंगी लागतो.

आता त्या मराठी माणसाकडे वळू. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्रांतीच्या ध्यासाने त्यांनी देश सोडला आणि ते जपानमार्गे अमेरिकेस पोचले. तेथे त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले, आणि १९१३ साली जी गदर चळवळ उभी राहिली तिच्या आद्य प्रवर्तकांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात ते इंग्रजांविरुद्ध लढले. स्वदेशाची दारे बंद झालेला हा माणूस १९२४ साली मेक्सिकोत आला आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत अध्यापक झाला. मका आणि गहू यांच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. त्यांच्या या कामाची छायाचित्रे टीना मोदोत्ती या नामांकित इटालियन छायाचित्रकार स्त्रीने घेतली आहेत. बंदुकीपासून बियाण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे क्रांतीचा त्याग नव्हे. क्रांती कोणासाठी करावयाची, या प्रश्नाचे ते उत्तर होय.

याच चापिंगोत, जुन्या जमीनदाराच्या वाड्यातील प्रार्थनामंदिरात, रिव्हेराने १९२६–२७ साली आपली सर्वांत परिपक्व चित्रे रंगविली. तेथील एका चित्रात शेतकऱ्यांचा पुढारी झपाता आणि त्याचा सहकारी मोंतान्यो जमिनीच्या पोटात निजले आहेत, आणि त्यांच्या वरती मक्याचे पीक उभे आहे. हुतात्म्यांच्या रक्ताने भूमी सुपीक होते, हे वाक्य व्याख्यानांतून आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते कानांवरून घसरून जाते. रिव्हेराने ते वाक्य जमिनीच्या छेदासारखे दाखविले: खाली देह, वर कणसे. बाहेरच्या शेतात मक्याचे वाण तपासले जात होते आणि आत भिंतीवर मका उगवत होता. थापटणे लावून पाहा. नाद खणखणीत येतो.

खानखोजे आणि रिव्हेरा यांचा स्नेह या काळातला. शिक्षणखात्याच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर ‘आमची भाकर’ या अर्थाच्या नावाचे १९२८ सालचे चित्र आहे. मेजाच्या मध्यभागी बसलेला एक माणूस आपल्या हातांनी भाकरी मोडीत आहे; भोवती लहानथोर मंडळी जमली आहेत; मागे एक स्त्री फळांची टोपली डोक्यावर घेऊन उभी आहे. भाकरी मोडणारा तो पुरुष म्हणजे खानखोजे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. चेहऱ्याच्या साम्याचा निवाडा ज्याने त्याने करावा. चित्राचे मोठेपण त्या साम्यावर अवलंबून नाही. चित्राचे नाव ख्रिस्ती प्रार्थनेतले आहे आणि मांडणी येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण करून देते. नास्तिक म्हणविणाऱ्या चित्रकाराने धर्माचे पात्र मोडले नाही, त्यात नवे अन्न वाढिले. आणि ते हात पाहावेत! भाकरी सुरीने कापावयाची नसते, ती मोडावयाची असते. मोडणारा आपला वाटा आणि दुसऱ्याचा वाटा एकाच हालचालीत वेगळा करितो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या मराठवाड्यातील कोणाही माणसास ती हालचाल समजावून सांगावी लागत नाही.

त्याच मालिकेत दुसरे एक जेवण आहे. ‘वॉल स्ट्रीटची मेजवानी’ हे त्याचे नाव. रॉकफेलर, मॉर्गन, फोर्ड प्रभृती धनकुबेर मेजाभोवती बसले असून त्यांच्यापुढे अन्नाऐवजी शेअरबाजाराच्या भावांची कागदी फीत आहे. दिवादेखील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या आकाराचा. कल्पना चटकदार आहे, पाहताक्षणी हसू येते, आणि हसू ओसरले की हाती काही उरत नाही. येथे चित्रकाराला ठाऊक आहे ते आपले मत. त्या मेजावरचा माणूस त्याला ठाऊक नाही. हे व्यंगचित्र वर्तमानपत्रात एक दिवस शोभले असते. भिंत त्याला मोठी पडते. गोरोबाकाकांनी हे मडके परत आव्यात घातले असते.

कोणी म्हणेल, हा निवाडा भांडवलदारांच्या बाजूचा आहे. तसे नाही. पुढे १९३२–३३ साली हाच रिव्हेरा एडसेल फोर्डच्या पैशावर डेट्रॉइटला गेला. तेथील मोटारींच्या कारखान्यात त्याने कित्येक आठवडे घालविले, यंत्रे आणि कामगार यांची असंख्य रेखाटने केली, आणि मग सत्तावीस चित्रांची ती मालिका रंगविली. पैसा धनिकाचा, तरी चित्रे श्रमिकांची झाली. कारण वाकलेली पाठ आणि ओढणारा दंड त्याने डोळ्यांनी अभ्यासिला होता. उलट राजधानीच्या राष्ट्रीय प्रासादातील इतिहासचित्रांत, कोणा धनिकाची अडचण नसताना, माथ्यावरचा कार्ल मार्क्स बोटाने भविष्य दाखवीत उभा आहे, आणि नेमके तेच भविष्य सर्वांत फिके उतरले आहे. तात्पर्य, मडके कच्चे राहते ते आश्रयदात्यामुळे नव्हे. ते पक्के होते ते वस्तूच्या परिचयाने. मताचा जाळ कितीही मोठा केला तरी त्या आचेने ते भाजत नाही.

न्यूयॉर्कचे प्रकरण सर्वश्रुत आहे. १९३३ साली रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर त्याने लेनिनचा चेहरा रंगविला. तो काढण्यास सांगितले असता नकार दिला. मेहनताना चुकता करून त्याचे काम थांबविण्यात आले, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते चित्र हातोड्यांनी फोडण्यात आले. त्याच वर्षी त्याने ते मेक्सिकोच्या ललितकला-प्रासादात पुन्हा काढिले. चित्रकाराची बाणेदार वृत्ती वंदनीय आहे. परंतु हुतात्मा झालेले चित्र म्हणून ते आपोआप थोर ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यात इतक्या गोष्टी एकदम सांगावयाच्या आहेत की डोळ्यास बसावयास जागा मिळत नाही. आणि ज्या धनकुबेरांची पाच वर्षांपूर्वी टवाळी केली, त्यांच्याच घराण्यांच्या भिंती घेताना या साम्यवाद्यास काही वाटले नाही, या आक्षेपास त्याच्या चरित्रात समाधानकारक उत्तर सापडत नाही. १९२९ साली त्याच्या पक्षाने त्याला बाहेर काढिले. पुढे पंचवीस वर्षांनी परत घेतले. पक्षांची थापटणी वेगळी असतात.

भाकरीच्या चित्राविषयीही एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. ती टोपली घेतलेली स्त्री उभीच आहे. नव्या जगाच्या पहिल्या पंगतीतही फळे वाहून आणणारी मागे आणि भाकरी वाटणारा पुरुष मध्यभागी, हे आपल्या माजघरांतील जुने चित्र साता समुद्रांपलीकडे तसेच उमटावे, याची खंत वाटते. चित्रकारास ते जाणवले नसावे; आपल्या वाचकभगिनींस मात्र जाणविल्यावाचून राहणार नाही. असे असूनही ते चित्र पक्के आहे, कारण पक्के मडके म्हणजे निर्दोष मडके नव्हे. त्यात पाणी राहते, एवढेच.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपूर येथे निवर्तले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव सांगितले असता सुशिक्षित घरांतूनही बहुधा प्रश्नार्थक नजर मिळते. याचे कारण शोधू गेल्यास ते आपल्या चित्रदृष्टीत सापडेल. आपल्या चौकांत उगारलेली तलवार आहे, उधळलेला घोडा आहे, उंचावलेले बोट आहे. ज्याने तलवार ठेवून बियाणे हाती घेतले त्याचे चित्र कसे काढावे, हे आपल्या कलावंतांस कोणी विचारलेच नाही. मेक्सिकोच्या एका चित्रकारास ते सुचले, आणि तेही हात नीट पाहिल्यामुळे सुचले.

तेर काही कलानगरी म्हणून आज प्रसिद्ध नाही. परंतु जेथे एका कुंभाराची समाधी लोक आजही पुजतात आणि जेथील मातीच्या बाहुल्या दोन सहस्रके टिकल्या, त्या गावच्या शाळेच्या, बाजाराच्या, ग्रामपंचायतीच्या भिंती उपदेशाच्या सुवाक्यांनी रंगवाव्यात की ओळखीच्या हातांनी, एवढा प्रश्न येथील शिक्षकांनी आणि चित्रकारांनी स्वतःस विचारावा. रंगवून झाल्यावर एकदा थापटणे वाजवून पाहावे. कुरकूर ऐकू आली तर खुशाल समजावे की भाजणी अद्याप व्हावयाची आहे.