‘अयोग्य’ कुणी ठरवलं?
2018 चं राष्ट्रीय जैवइंधन धोरण मी ग्रंथासारखं वाचतो, खोड जुनी. पेंढा, चिपाडं, सडके बटाटे, ‘खाण्यास अयोग्य’ धान्य, या सगळ्यापासून इथेनॉल. पेंढ्यातल्या सेल्युलोजची आधी साखर करायची, मग ती आंबवायची. 2022 मध्ये सुरू झालेल्या पानिपतच्या कारखान्यात हे तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राजचं. त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार ‘अयोग्य’ या शब्दाशी आहे. इथं मार्केट यार्डात भाव पडला की सकाळची मेथी दुपारी ढिगावर जाते, आणि त्याच ढिगातून बाया घरची भाजी निवडतात. मग अयोग्य काय, मेथी की भाव? बरं, त्याच धोरणानं ‘जादा’ धान्यालाही वाट दिली. 2020 मध्ये अन्न महामंडळाच्या तांदळाला मंजुरी मिळाली. तेव्हा टाळेबंदी होती. जादा म्हणजे कुणाला पुरून जादा? हं, विचारा तुम्ही.