बडतर्फीचा अस्सल कागद आणि तिच्या बखरी

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी, ‘ओपनएआय’ या अमेरिकन कंपनीच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना पदावरून दूर केले. ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. पाच दिवसांत ऑल्टमन पुन्हा त्याच खुर्चीवर आले. दरम्यान ‘त्यांना का काढले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरांनी जगभरची वर्तमानपत्रे भरून गेली. ऑल्टमन दोषी की निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही. ती उत्तरे कशी रचली गेली आणि त्यांनी काय झाकले, एवढेच इथे तपासायचे आहे.

अस्सल कागद कोणता आणि बखर कोणती, हे आधी वेगळे करावे, अशी आपल्याकडच्या इतिहास-संशोधनाची शिस्त आहे. बखर खोटीच असते असे नाही. पण घडलेल्या गोष्टीबरोबरच लिहिणाऱ्याच्या मनातले भय आणि हौसही तिच्यात उतरते. इथे पहिल्या दिवशी अस्सल कागद एकच होता, मंडळाचे निवेदन. त्यातले कळीचे वाक्य असे की, ऑल्टमन मंडळाशी होणाऱ्या संवादात सातत्याने प्रांजळ राहिले नाहीत आणि त्यामुळे मंडळाला आपली जबाबदारी पार पाडण्यात अडथळा आला. मूळ शब्द ‘कॅन्डिड’.

हे वाक्य बारकाईने वाचावे. ‘खोटे बोलले’ असे ते म्हणत नाही. ‘सातत्याने’ या क्रियाविशेषणाचा अर्थ, कधी प्रांजळ होते, कधी नव्हते. कधी नव्हते? कशाबाबत? एकही उदाहरण नाही. माहिती दडवल्याचा आरोप करणारे निवेदन स्वतःच माहिती दडवत होते. पुढच्या सगळ्या तर्कांना मोकळे रान मिळाले ते इथे.

त्या तर्कांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला भयाचा. प्रयोगशाळेत काही भयंकर सापडले आणि मुख्य शास्त्रज्ञ व संचालक इल्या सुत्स्केव्हर हादरले, असा हा तर्क. ‘इल्याने काय पाहिले?’ हा प्रश्न तर म्हणीसारखा रुळला. २२ नोव्हेंबरला ‘रॉयटर्स’ने ‘क्यू-स्टार’ नावाच्या संशोधनाविषयी मंडळाला पत्र गेल्याची बातमी दिली. असे पत्र मंडळाला मिळालेच नाही, अशी दुसरी बातमीही लगेच आली. वाचकांच्या लक्षात पहिली राहिली. दुसरा गट पैशाचा: ऑल्टमन यांचे बाहेरचे उद्योग, चिपनिर्मितीसाठी भांडवल उभारण्याचे प्रयत्न, मायक्रोसॉफ्टशी असलेले संबंध. तिसरा गट खासगी आयुष्याविषयीच्या कुजबुजीचा. तो इथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

तिन्ही गटांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाला एक *घटना* हवी आहे. एवढा मोठा माणूस पडला, तर कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, हा आपला जुना समज. खरे तर दुसऱ्याच दिवशी कंपनीतले वरिष्ठ अधिकारी ब्रॅड लाइटकॅप यांनी कर्मचाऱ्यांना कळवले होते की, या निर्णयामागे गैरव्यवहार नाही, आर्थिक किंवा सुरक्षिततेचे कारणही नाही. संवाद तुटला, एवढेच. मधल्या काळात त्या पदावर आणलेल्या एमेट शिअर यांनीही, सुरक्षिततेवरच्या एखाद्या विशिष्ट मतभेदातून हे घडलेले नाही, असे जाहीर केले. दोन्ही खुलासे उघड होते. पण ते नीरस होते, म्हणून बखरकारांच्या उपयोगाचे नव्हते.

पुढे कागद हळूहळू बाहेर आले. मार्च २०२४ मध्ये ‘विल्मरहेल’ या कायदेसंस्थेच्या चौकशीचा सारांश प्रसिद्ध झाला. नाते बिघडले आणि विश्वास उडाला, असा त्याचा निष्कर्ष. संपूर्ण अहवाल मात्र कंपनीने जाहीर केला नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात माजी संचालक हेलन टोनर यांनी प्रथमच उदाहरणे दिली. ‘चॅटजीपीटी’ आल्याचे मंडळाला ट्विटरवरून कळले. कंपनीच्या नावाच्या गुंतवणूक निधीची मालकी आपल्याकडे असल्याचे ऑल्टमन यांनी सांगितले नव्हते. सुरक्षिततेच्या प्रक्रियांविषयी चुकीची माहिती दिली गेली. नव्या मंडळाच्या वतीने ब्रेट टेलर आणि लॅरी समर्स यांनी हे म्हणणे नाकारले. २०२५ मध्ये न्यायालयीन साक्षीत सुत्स्केव्हर यांनी सांगितले की, संचालकांच्या मागणीवरून आपण ५२ पानांचे टिपण लिहिले होते आणि ऑल्टमन यांना हटवण्याचा विचार निदान वर्षभर मनात होता.

म्हणजे, काढणाऱ्यांच्या मते कारण ही घटना नव्हती, *सवय* होती. शिक्षकाला, कारकुनाला, सरपंचाला ओळखणाऱ्या कुणालाही हे कळेल: एकेक प्रसंग सुटा घेतला तर क्षुल्लक, सगळे मिळून असह्य. अशी सवय एका वाक्यात सांगता येत नाही. प्रसंगांची यादी लोकांसमोर मांडावी लागते. मंडळाकडे बावन्न पाने होती आणि त्यांनी एक वाक्य दिले.

याची किंमत साधी नव्हती. ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली आणि आपले पहिले कर्तव्य मानवजातीप्रती आहे, असे तिच्या सनदेत लिहिले होते. त्या कर्तव्यासाठी मंडळाला मुख्य अधिकाऱ्याला काढण्याचा अधिकार होता. पण ज्या मानवजातीच्या नावाने तो वापरला, तिलाच कारण सांगितले नाही. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिकांनी, मंडळाने राजीनामा द्यावा नाहीतर आम्ही मायक्रोसॉफ्टमध्ये जातो, अशा पत्रावर सह्या केल्या. त्यांचे शेअर विकण्याचा, कंपनीची किंमत सुमारे ८६ अब्ज डॉलर धरणारा व्यवहार तेव्हा तोंडावर आला होता, हेही विसरू नये. त्या पत्रावर सुत्स्केव्हर यांचीही सही होती. ऑल्टमन परतले; टोनर, ताशा मॅकॉली आणि सुत्स्केव्हर मंडळाबाहेर गेले.

अफवांनी मंडळाला हरवले, असे म्हणणे मला सोपे वाटते. मंडळाने आपला पुरावा मांडलाच नाही. अफवांनी फक्त ती रिकामी जागा भरली. आणि वाचक म्हणून आपण तिथे ‘क्यू-स्टार’ बसवला, कारण यंत्र जागे झाल्याची गोष्ट ऐकायला रंगते, आणि निधीची मालकी कुणाच्या नावावर होती ही गोष्ट ऐकताना जांभई येते. सत्तेचा हिशेब मात्र नेहमी दुसऱ्याच प्रकारच्या गोष्टीत सापडतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीची रचना बदलली. ना-नफा संस्थेचा नवा अवतार असलेल्या प्रतिष्ठानाकडे तेव्हा सुमारे २६ टक्के हिस्सा आला आणि संचालक नेमण्याचा अधिकारही. मुख्य अधिकाऱ्याला दूर करण्याची वेळ उद्या पुन्हा आली, तर नवे संचालक किती पाने लोकांसमोर ठेवतील, हा प्रश्न मला ‘इल्याने काय पाहिले?’ याहून महत्त्वाचा वाटतो. तो अजून फारसा कुणी विचारलेला नाही.