शिळ्या पावाची श्रीमंती

ज्या हॉटेलात दिवे मंद असतात, तिथले दर डोळे दिपवणारे असतात. दक्षिण मुंबईतल्या अशाच एका इटालियन हॉटेलात परवा आम्ही कॉलेजातले चौघे जेवलो. डॉक्टर, वकील, मास्तर आणि मी. आग्रह डॉक्टरचा. मेन्यूकार्ड वाचायला वकिलाने मोबाइलचा टॉर्च लावला आणि किमती दिसताच विझवला.

त्या जेवणाबद्दल लिहायचं तर पहिला मान शिळ्या पावाचा. 'पांझानेल्ला' म्हणून जे काही आलं, ते म्हणजे शिळा पाव पाण्यात भिजवून पिळायचा आणि त्यात कांदा, टोमॅटो, तुळशीच्या जातीची पानं, व्हिनेगर नि ऑलिव्हचं तेल घालायचं. पाव फुकट जाऊ नये म्हणून तस्कनीतल्या शेतकऱ्यांनी काढलेली ही युक्ती. हीच अक्कल आपल्या फोडणीच्या पोळीत आहे. फक्त पाहुणा आला की आपण ती झाकून ठेवतो. इथे ती भल्यामोठ्या बशीच्या मधोमध, चारी बाजूंना मैदान सोडून बसवली होती. चव मात्र फर्मास! पाव टोमॅटोचा रस प्यालेला, पण लगदा न झालेला. आचाऱ्याला पैकीच्या पैकी गुण.

रिसोत्तोने घात केला, आणि त्यात आचाऱ्याचा दोष नव्हता. आखूड, जाड तांदूळ लोण्यावर परतायचा आणि गरम रस्सा पळी-पळीने घालत, ढवळत शिजवायचा. ढवळता ढवळता तांदळातली पेज सुटते आणि भात सायीसारखा दाटतो. दाण्याच्या पोटात किंचित कणी राहायला हवी. त्याला ते लोक 'अल देन्ते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल असा. आपण भाताची परीक्षा बोटाने घेतो, ते दाताने घेतात. हा भात पुरीच्या स्वभावाचा. आपण त्याची वाट पाहायची, त्याला आपली पाहायला लावायची नाही. आणि इथे वेटरसाहेब बशी हातात धरून केशराचं कूळ, चीजचं वय आणि मिलानची परंपरा सांगत उभे! चरित्र संपलं तेव्हा नायक थिजला होता.

मास्तरने कार्डावरची सगळ्यात स्वस्त म्हणून पोलेंता मागवली होती. (स्वस्त म्हणजे बाराशे रुपये.) मक्याच्या भरड पिठाची ही उकड, वर अळंब्या. पहिल्या घासाला मास्तर गप्पच झाला.

"१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर मिलो यायची रे," तो म्हणाला. "अमेरिकेची लाल ज्वारी. आई तिच्या अश्शाच कण्या शिजवायची. सकाळी त्याच, रात्री त्याच. पुढे मी कण्यांना हात लावला नाही, लेका."

"उत्तर इटलीतल्या गरिबांनी पिढ्यान् पिढ्या हीच खाल्ली," डॉक्टर म्हणाला. "नुसती हीच खाऊन कातडी खरखरीत व्हायची, डोकं फिरायचं, माणसं मरायची. १७७१ साली मिलानच्या फ्रापोल्ली नावाच्या वैद्याने त्या रोगाला 'पेलाग्रा' म्हटलं. मक्यातलं नियासिन तसंच अंगी लागत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ते वाचले. युरोपने मका नेला आणि चुना तिथेच ठेवला."

"हे वेटरने नाही सांगितलं!" वकील म्हणाला.

माझी हॉटेलवर तक्रार असेल तर हीच. चीजची जन्मतारीख सांगता, मग भुकेचं प्रकरण नेमकं का गाळता? बाकी पोलेंता चांगली होती, हे मान्य केलंच पाहिजे. मऊ, गरम, चीजने भरलेली. मास्तरने बशी निपटून खाल्ली.

तिरामिसू एकच मागवलं, चमचे चार. नावाचा अर्थ 'मला वर उचल' असा आहे म्हणे. कॉफीत भिजलेली बिस्किटं नि वर मलईसारखं चीज. बरं होतं, गोड जरा जास्त. मग बिल आलं. डॉक्टरने ते ओढलं, तशी मास्तरने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"चौथा हिस्सा माझा."

"अरे, आग्रह माझा होता ना!"

"आग्रह तुझा, पोट माझं." त्याने पाकिटातून नोटा काढून दोनदा मोजल्या. "फक्त घरी कुणी बोलू नका हं. बाराशेच्या कण्या खाल्ल्या म्हणून कळलं, तर उद्यापासून मला त्याच मिळतील."