‘अचुंबकीय’ या शब्दाचे काय करावे?

चुंबकाचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात लोखंड, निकेल, कोबाल्ट. दुसऱ्यात लाकूड, काच, तांबे, पाणी, दगड. माझा आक्षेप असा, की हे वर्गीकरण पदार्थांपेक्षा आपल्या हातातल्या चुंबकाच्या दुबळेपणाविषयीच अधिक सांगते.

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधील कोणत्याही वर्गात हे तपासता येईल. शीतपेयाच्या नळीच्या दोन टोकांना द्राक्षे खोचा, नळी मध्यावर दोऱ्याने टांगा आणि पंखा बंद करून ती स्थिर होऊ द्या. जुन्या हार्ड डिस्कमधील निओडायमियमचा चुंबक (भंगारवाल्याकडे मिळतो) द्राक्षाला न टेकवता जवळ धरला, की द्राक्ष संथपणे दूर सरकते. दुसरा ध्रुव पुढे केला तरी दूरच सरकते. म्हणजे द्राक्ष हा काही छोटा चुंबक नव्हे. त्यात बहुतांश पाणी असते आणि पाणी प्रतिचुंबकीय आहे. क्षेत्रात ठेवल्यावर त्यातील इलेक्ट्रॉनांची गती किंचित बदलते व क्षेत्राला विरोध करणारे क्षीण चुंबकत्व निर्माण होते. फॅरडेने १८४५ मध्ये जड काचेत हा परिणाम पाहिला. हा गुण सर्वच पदार्थांत असतो. ॲल्युमिनियमसारख्या समचुंबकीय पदार्थात क्षीण आकर्षण त्यावर मात करते, लोखंडात तर तो पार झाकला जातो. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगला, तो याच गुणामुळे.

दगड तर आपण चुकीच्याच रकान्यात टाकला आहे. शेजारच्या अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर ज्या काळ्या बेसाल्टचे आहे, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. (देवळाला चुंबक लावू नये, रस्त्यावरची खडी कुटून तिच्या भुकटीत फिरवावा.) मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध अलिबागला हलवण्यात आले. १९०४ मध्ये सुरू झालेल्या त्या वेधशाळेसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. तिथे ‘अचुंबकीय’ म्हणजे उपकरणाला न चाळवणारा, एवढाच नेमका अर्थ होता. असा अर्थ सांगितला तर शब्दाला माझी हरकत नाही.

लहान वर्गांत दोन रकाने राहू द्यावेत. मथळा ‘आपल्या चुंबकाला चिकटतात’ आणि ‘चिकटत नाहीत’ असा द्यावा. मात्र ‘पाण्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही’ या विधानाला परीक्षेत गुण देणे थांबवावे. आज द्राक्ष सरकताना पाहिलेल्या मुलाचेच उत्तर चूक ठरते.