वालाचे स्फटिक

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी म्हटलं की दोन गोष्टी हमखास निघतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नाकारलेला प्रवेश, आणि पुढे नीरेवरचं संशोधन. दोन्ही सांगायलाच हव्यात. पण मला विचाराल तर बाईंच्या कामातला सगळ्यात देखणा तुकडा वेगळा आहे. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना १९५५ साली त्यांनी आणि के. एस. आंबे यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. आपल्याकडचे वाल आणि डबल बी यांमधून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं स्फटिकरूपात मिळवली, एवढाच त्याचा विषय.

ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून आतड्यात येणारं, अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करणारं विकर. प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा अर्जिनिन दिसलं की ते तिथं तोडतं. कडधान्यातला रोधक नेमकं असंच एक टोक पुढे काढून बसलेला असतो. ट्रिप्सिन त्याला धरतं आणि कुलपात वाकलेल्या किल्लीसारखं तिथंच अडकतं. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच नोंदवलं होतं. त्यामागचं एक कारण हेच रोधक.

मग नवं काय? नवं ते स्फटिकात. सम्नरनी १९२६ साली जॅक बीनमधून, म्हणजे आपल्या अबईच्या भाऊबंदातून, युरीएझ या विकराचे स्फटिक काढले आणि विकरं ही प्रथिनंच असतात याचा सज्जड पुरावा जगापुढे ठेवला. तेव्हापासून प्रथिन स्फटिकात उतरवणं ही शुद्धतेची मोठी कसोटी झाली. १९४५ साली कुनिट्झनी सोयाबीनचा रोधक स्फटिकरूपात आणला. त्यानंतर दहाच वर्षांनी तीच कसोटी मुंबईत वालाला लावली गेली. नुसता अर्क काढून ‘वालात रोधक आहे’ म्हणता आलं असतं आणि तेही खपलं असतं. बाई तिथं थांबल्या नाहीत. दुसरीकडच्या तयार सोयाबीनपाशीही गेल्या नाहीत. निवड घरच्या डब्यातली आणि कसोटी त्या काळातली कडक, या जोडीवर माझा जीव आहे.

आमच्या वसई-विरारकडच्या आचोळ्याच्या बाजारात मोड आणून सोललेलं बिरडं वाट्यावर विकायला असतं, तेव्हा मला हे टिपण आठवतं. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल सुटून दाणा निसटतो. या खटाटोपातली प्रत्येक पायरी रसायनाच्या अंगानंही खरी आहे. सालीतला तुरटपणा सालीबरोबर जातो. मोड येताना रोधक थोडाफार उतरतो. उरलेलं काम आधणाचं. वालातल्या रोधकांच्या अंगात गंधकाचे पूल दाटीनं असतात, म्हणून वरवरच्या उष्णतेला ते दाद देत नाहीत. पाणी हवं आणि पुरेसा वेळ हवा. वाल कच्चे राहिले की पोट का कुरकुरतं, त्याचा एक धागा इथं सापडतो.

वनस्पतीच्या बाजूनं पाहिलं तर हा रोधक म्हणजे तिची राखण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटानं घाटेअळीवर असे रोधक अजमावले. अळीही कच्च्या गुरूची चेली नाही; एक विकर अडलं की ती पोटातली दुसरी पुढे करते. १९५५ च्या त्या टिपणात अळी नाही, शेत नाही. पण एखादा रोधक शुद्ध करून हाती घेतल्याशिवाय त्याचा स्वभाव नेमका कळत नाही, ही शिस्त तिथं आहे.

आता एक करायला हवं. वसई-विरारच्या एखाद्या महाविद्यालयात कोरडा, भिजवलेला, मोडाचा, सोललेला आणि शिजलेला असे वालाचे पाच नमुने घ्यावेत. ट्रिप्सिन आणि दुधातलं केसीन घेऊन प्रत्येकात रोधक किती उरला ते मोजावं, आणि हे आपल्याच पट्ट्यातल्या कडव्या वालांवर करावं. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका सत्राच्या प्रकल्पात बसेल एवढंच हे काम आहे.