पांढरी, वाडा आणि ले-आउट : जुन्या वस्तीच्या जतनातील परिभाषेचा प्रश्न

जुनी घरे व जुन्या वस्त्या यांच्या जतनाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा फार मोठा भाग पुणे आणि मुंबई या दोन शहरांपुरता आहे. पुण्याच्या पेठांतील अनेक वाडे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पडले. जे उरले ते भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे मालकांना नकोसे झाले आणि क्रमाने बांधकाम-व्यावसायिकांच्या हाती गेले. हा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली लागू झाली, आणि तिच्यातून 'वारसा वास्तू', 'वारसा परिसर', 'श्रेणी' ही परिभाषा मराठी वृत्तपत्रांत व शासकीय कागदपत्रांत रूढ झाली. या परिभाषेने काही इमारती वाचविल्या, हे मान्य केले पाहिजे. तथापि कोणती वस्तू नजरेस यावी आणि कोणती येऊ नये, हेही परिभाषाच ठरवीत असते. शहरात घडलेली ही परिभाषा खेड्याकडे वळविली असता काय दिसते व काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे गाव डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. संत सोनाजी महाराजांच्या स्थानामुळे ते पंचक्रोशीत परिचित आहे. एका अंगास अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, तर दुसऱ्या अंगास पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन. हा सारा भाग १९०५ सालच्या फेररचनेपर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत असे, आणि बोलीच्या दृष्टीने वऱ्हाडी व खानदेशी यांची सीमा येथून फार दूर नाही. जिल्ह्यातील जतनाचा विचार सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या राजवाड्यापाशी किंवा लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापाशी थांबतो. सोनाळ्यासारख्या गावांपर्यंत तो येत नाही. याचे कारण या गावांत जतन करण्यासारखे काही नाही असे नसून, जे आहे त्याला नव्या परिभाषेत नाव नाही, हे होय.

जुन्या मराठीत ते नाव आहे. गावाच्या भूमीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानण्याची पद्धत जुनी आहे. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात ग्रामरचनेचे जे वर्णन आहे, त्यातही हा भेद पायाभूत आहे. 'पांढरी' हा शब्द आरंभी मातीच्या रंगावरून आलेला दिसतो. पिढ्यानुपिढ्या कच्च्या भिंती पडाव्यात, त्यांवरच नव्या उभ्या राहाव्यात, राख आणि शेण त्यांत मिसळावे, आणि जमीन उंच व पांढुरकी व्हावी, असा हा क्रम आहे. परंतु अर्थविस्ताराने हाच शब्द त्या जागी राहणाऱ्या लोकांचाही वाचक झाला. जागा आणि माणसे यांसाठी एकच शब्द असावा, ही गोष्ट जतनाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावयास हवी. 'वारसा परिसर' या शब्दसमूहातून माणसे सहज वगळता येतात. 'पांढरी'तून ती वगळता येत नाहीत.

घराच्या अवयवांची नावे याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. 'माजघर' म्हणजे मध्यगृह, हे उघड आहे. 'ढाळज' या शब्दाचे नाते फार्सी 'दहलीज'शी आहे. दरवाजाच्या आतली, येणाऱ्याजाणाऱ्यास थांबविणारी ती जागा. 'ओटा' हा घराचा खरा, पण वापराने गल्लीचा. दोन खांबांमधील अंतराला 'खण' म्हणतात आणि जुने घर खणांनी मोजले जाते, म्हणजे मोजमापाचे एकक हे लाकडी सांगाड्यातूनच निघालेले आहे. मातीच्या सपाट छपराचे ते 'धाब्याचे' घर. मराठवाड्यात त्यालाच 'माळवद' म्हणतात. धाब्यावर पावसाळ्यापूर्वी माती पसरावी लागते, आणि त्यासाठी पांढरीची माती चांगली समजली जाते. जुन्या वस्तीची माती पुन्हा नव्या छपरावर चढते. पुरातत्त्वज्ञांना मात्र याचा ताप होतो, कारण त्यांची पांढरीची टेकाडे अशाच खणण्याने खचतात.

या समृद्ध शब्दसंग्रहाच्या जागी आज कारभारात दोनच विशेषणे वावरतात : 'कच्चे' आणि 'पक्के'. जनगणनेपासून ग्रामपंचायतीच्या घरपट्टीपर्यंत हीच विभागणी या ना त्या रूपात चालते. 'पक्का' हा 'पक्व'पासून आला. म्हणजे मुळात भाजलेली वीट ती पक्की आणि उन्हात वाळविलेली ती कच्ची, असा हा केवळ बांधकामाच्या साहित्याचा भेद होता. पण व्यवहारात 'कच्चा' म्हणजे अपुरा, तात्पुरता, अविश्वसनीय असाही अर्थ आहे, आणि साहित्याचा वाचक शब्द नकळत मूल्याचा वाचक झाला. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) लाभार्थी ठरविण्यासाठी आधारलेल्या २०११ च्या पाहणीत बेघरांबरोबर कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली दोन खोल्यांपर्यंतची घरे गणली गेली. ज्या कुटुंबाच्या डोक्यावर गळके छप्पर आहे त्याला २५ चौरस मीटरचे का होईना पण टिकाऊ घर मिळावे, याविषयी दुमत असू शकत नाही. आक्षेप आहे तो वेगळा : सागवानी खांबांचे, दोन हात जाड भिंतींचे, उन्हाळ्यात थंड राहणारे घर आणि चार काठ्यांवर उभारलेले झोपडे ही दोन्ही एकाच रकान्यात कशी बसतात, हे त्या विशेषणाला सांगता येत नाही.

अर्थात अशा घरात राहणाऱ्याची बाजूही खरी आहे. दर वर्षी माती टाकणारा हात घरात उरलेला नाही, मजुरी परवडत नाही, भिंतीत उंदीर आहेत, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी करण्यास येणारे लोक छपराकडे पाहतात. जतनाचे लेखन करणाऱ्यांनी या अडचणींना अज्ञान म्हणू नये. ते स्वतः सहसा स्लॅबच्या घरात राहतात.

मराठी वाचकाच्या मनात जुन्या घराची जी प्रतिमा आहे, ती बव्हंशी वाड्याची आहे. आणि तिच्या घडणीत साहित्याचा वाटा मोठा आहे. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक विदर्भातील एका खेड्यातील देशपांड्यांच्या वाड्यात घडते. अंगणात ट्रॅक्टर बंद पडून आहे, घरचा वडीलधारा गेला आहे, आणि तेरवीचा खर्च कसा भागवावा हा प्रश्न आहे. 'चिरेबंदी' या विशेषणातील उपरोध नाटक संपता संपता पुरता कळतो. हे नाटक वाड्याविषयी हळहळणारे नाही. वाड्याने माणसांचे काय केले, याचाच ते हिशोब मांडते. असे असता जतनाच्या चर्चेत त्याचा उल्लेख बहुधा गतवैभवाच्या आठवणीसाठी होतो, हे वाचनाचे अपयश म्हटले पाहिजे. दुसरे असे की, वाडा हे गावातले एखाददुसरे घर. त्याच्या भोवतीची कुंभारांची, तेल्यांची, माळ्यांची आळी या प्रतिमेत येत नाही; वाड्याचे छायाचित्र निघते आणि आळी पार्श्वभूमीस जाते.

मुंबईतील गिरगावच्या खोताच्या वाडीचे उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण तेथे वाडा नाही, आळीच आहे. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत एके काळी लाकडी सज्जांची साठपासष्ट घरे होती. १९९५ नंतर तिचा वारसा म्हणून गौरव झाला. तरीही आज त्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. एकेक घर स्वतंत्रपणे विकले गेले आणि त्याच्या जागी उंच इमारत आली. शेजारचे घर उभे असते, पण त्याचा सज्जा आता ज्या बोळाकडे पाहतो तो बोळ पूर्वीचा नसतो. घर वाचले आणि वस्ती गेली, असे म्हणण्याची वेळ येते.

'वस्तीचे स्वरूप जपावे' या वाक्याचा अधिक अवघड अर्थ गावात निघतो. विदर्भात वस्तीच्या भागास 'पुरा' म्हणतात. अचलपूरचे बिलनपुरा, सुलतानपुरा प्रसिद्ध आहेत. खेड्यात मात्र पुष्कळ आळ्यांची नावे जातींची होती, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या वस्तीचे नाव हाच त्यांच्यावरचा शिक्का होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर जी कठोर टीका केली, ती या रचनेकडे पाहूनच. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. भाषेच्या अभ्यासकाने जुने नाव टिपून ठेवावे. ते फलकावर राहावे असा आग्रह धरू नये. परंतु यावरून हेही ध्यानात येते की पांढरी म्हणजे सगळे गाव असे मानणे हीच एक चूक होती. जतनाचा हेतू जुनी रचना जशीच्या तशी थिजवण्याचा असेल, तर वेशीबाहेरच्यांना त्यात रस असण्याचे कारण नाही.

ते पक्के घर बांधू लागले, तेव्हा ते बहुधा गावठाणाबाहेर गेले, आणि नंतर गावातले सधन लोकही गेले. विदर्भात अशा नव्या वस्तीला 'ले-आउट' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द आखणीचा वाचक. वऱ्हाडात तो आखलेल्या जमिनीचा आणि पुढे तेथील वस्तीचाच वाचक झाला. शेत अकृषक करून त्याचे तुकडे पाडले की ले-आउट होते. म्हणजे काळी हीच आता वस्तीची जागा झाली. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर सिमेंटच्या भिंतीला तडे देते. पूर्वजांनी वस्ती पांढरीवर ठेवली, यात बांधकामाचा अनुभवही होता. ले-आउटमध्ये ढाळज नाही, ओटा नाही. तेथे 'कंपाउंड' आहे.

पांढरी सोडून आखीव वस्तीत जाण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने एकदा, फार दुःखाच्या प्रसंगी, केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, आणि आठ हजारांच्या आसपास माणसे प्रामुख्याने दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली सापडून गेली. म्हणून माळवदाची भलामण करताना प्रत्येकाने किल्लारीचे नाव आठवावे. त्यानंतर सुमारे पन्नास गावे नव्या जागी, रुंद रस्ते आणि काटकोनी चौक आखून वसविली गेली. घरे भक्कम होती. पण रस्ते इतके रुंद झाले की समोरच्या ओट्यावरील माणसाशी बसल्या जागी बोलता येईना, भावकी विखुरली, आणि लोकांनी कालांतराने घरांपुढे पडव्या व भोवती भिंती घालून आखणी आपल्या परीने दुरुस्त केली. माळवद परत आले नाही, ते येऊ नये हेच बरे. ओटा मात्र परत आला. साहित्य बदलूनही वस्ती टिकू शकते, आणि साहित्य टिकवूनही ती जाऊ शकते, या दोन्ही गोष्टींना किल्लारी व खोताची वाडी अनुक्रमे साक्ष आहेत.

सोनाळ्यासारख्या गावांच्या दृष्टीने हा प्रश्न आता निकडीचा आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढून वरून ड्रोनने छायाचित्रे घेतली जातात व मालकास मिळकत पत्रिका मिळते. ज्या घरावर पूर्वी घरपट्टीच्या नोंदीपलीकडे कागद नव्हता, त्यावर आता कर्ज मिळू शकते. गरिबास हा लाभ लहान नाही. पण चुन्याची रेघ जेथे संपते तेथेच घर संपते, असे यापुढे समजले जाईल. कौलारू घराच्या पागोळ्या जेथे पडतात त्या पट्टीला मराठीत 'वळचण' म्हणतात. ती घरमालकाची म्हणावी तर वाटसरू तेथे पावसात हक्काने उभा राहतो, गल्लीची म्हणावी तर छप्पर मालकाचे असते. ओटा, दोन घरांतील सामाईक भिंत, शेजाऱ्याच्या पन्हळीचे पाणी उतरण्याची वाट, हेही त्याच वर्गातले. या जागा कोणाच्या नावे लागल्या, हे मिळकत पत्रिकांच्या नकाशांवरून गावागावांत तपासता येईल. घर पाडून स्लॅबचे घर उभे राहते तेव्हा स्लॅब रेघेपर्यंत येतो, आणि वळचण गल्लीत जाते किंवा भिंतीत जाते.