आद्य ध्वनिमुद्रणे आणि गायिलेली संहिता

लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांविषयी रसिकांत जी चर्चा चालते, तिची गणना अभ्यासक बहुधा छंदात करतात. ही उपेक्षा अस्थानी होय. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गीताच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्रनाम छापलेले होते; श्रोत्यांनी नभोवाणीकडे पृच्छा केली, तेव्हा खरे नाव प्रकट झाले. रसिकांची जिज्ञासा ही संशोधनाची आद्य प्रेरणा ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तथापि या चर्चेत दोन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष ‘पहिले गाणे’ या शब्दप्रयोगातील संदिग्धतेचा. १९४२ साली ‘किती हसाल’साठी सदाशिवराव नेवरेकरांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली मुद्रित झालेले गीत चित्रपटात राहिले नाही, त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मधील गीत मात्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. ‘गजाभाऊ’ (१९४३) या मराठी चित्रपटात त्यांनी हिंदी गीत गायिले, आणि हिंदी चित्रपटासाठी पार्श्वगायन ‘आपकी सेवा में’ (१९४७) येथून धरतात. म्हणजे एकाच प्रश्नाची चार उत्तरे संभवतात आणि चारही आपापल्या परीने बरोबर आहेत. वाद तपशिलाचा नसून व्याख्येचा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. उत्तरकालीन कीर्ती मनात धरून पूर्वीचा आवाज ऐकला जातो. शशधर मुखर्जी यांनी हा आवाज फार बारीक म्हणून नाकारला, ही हकीकत केवळ उपहासार्थ सांगितली जाते. परंतु भारदस्त, भरीव स्वराची अभिरुची रूढ असलेल्या काळाचा तो निर्णय होता, आणि अभिरुचीच्या इतिहासात त्याला पुराव्याचे मूल्य आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न उच्चाराचा आहे. १९४७ च्या सुमारास दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दू उच्चारांवर शेरा मारला आणि लताबाईंनी शिक्षकाकडून उर्दूचे पाठ घेतले, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीचे उच्चार सदोष, नंतरचे निर्दोष, असा सरसकट निवाडा रसिक देतात. तो तपासण्यासाठी नेमकी जागा निवडली पाहिजे. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत : ‘जोर’मधील दंत्य आणि ‘जीव’मधील तालव्य. ‘जमीन’, ‘जोर’ या शब्दांत मराठी उच्चार उर्दूच्या घर्षक ध्वनीच्या निकट जातो. परंतु इकारापूर्वी, ‘जिंदगी’सारख्या शब्दात, मराठी भाषकाची जीभ स्वभावतः तालव्याकडे वळते. तेव्हा कसोटी लागते ती इकारापूर्वीच्या स्थानी, सर्वत्र नव्हे.

मात्र येथे यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. त्या काळच्या तबकडीवर घर्षक ध्वनींतील उच्च कंपने क्षीण उमटत आणि झिजेबरोबर आणखी लोपत. केवळ कानाने दिलेला कौल म्हणून पुरेसा नाही. स्पर्शघर्षकाच्या आरंभी असणारा क्षणिक अवरोध मात्र झिजलेल्या तबकडीतही बहुधा मोजता येतो. निर्णय त्यावर बेतावा. शिवाय गीतपुस्तिकेत छापलेला पाठ, तबकडीवरील पाठ आणि चित्रपटातील पाठ हे तीन भिन्न साक्षीदार होत. त्यांची सरमिसळ केल्यास कवीचा शब्द कोणता आणि गायिकेचा कोणता, हे कधीच कळणार नाही.

या कामास भिवंडीसारखे क्षेत्र अनुकूल आहे. यंत्रमागांच्या या नगरात मराठी आणि उर्दू भाषक शेजारी नांदतात. एकाच गीतातील एकच ‘ज’ दोन्ही कानांना कसा जाणवतो, हे येथे स्वतंत्रपणे नोंदविता येईल. रसिकांनी तबकड्या जपल्या आणि प्रश्न उभे केले. त्या प्रश्नांना व्याख्या आणि मापन यांची जोड देणे हे विद्यापीठीय अभ्यासाचे कर्तव्य होय.